विरजणाचा धर्म

ज्या मंदिराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी 1803 साली भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरवून घेतला, त्या तंजावरच्या बृहदीश्वराच्या परिसरात, कावेरीच्या खोऱ्यातल्या लहानमोठ्या शिवालयांत, अभिषेकाच्या द्रव्यांमध्ये पंचगव्याचा मान फार जुना आहे. सातव्या शतकातल्या अप्पर आणि संबंदर या शैव संतकवींच्या तेवारम् पदांत शिव गाईच्या पाच पदार्थांनी न्हातो, असे वर्णन वारंवार येते. आज त्याच नावाचे एक द्रावण या भागातल्या गच्चीवरच्या बागांत आणि भाताच्या बांधांवर प्लास्टिकच्या ड्रममध्ये मुरत असते. ईरोड जिल्ह्यातल्या कोडुमुडीचे डॉक्टर के. नटराजन यांनी विसाव्या शतकाच्या अखेरीस दूध, दही, तूप, शेण आणि गोमूत्र या पाचांत शहाळ्याचे पाणी, केळी आणि गूळ घालून ते आंबवण्याची कृती शेतकऱ्यांपुढे ठेवली. तीन आठवडे रोज ढवळायचे आणि मग शंभर लिटर पाण्यात तीन लिटर घालून फवारायचे. तंजावर जिल्ह्यातल्याच इळंगाडू गावी 1938 साली जन्मलेल्या जी. नम्माळ्वार यांनी शेण, गोमूत्र, गूळ आणि पाणी यांचे एका दिवसात तयार होणारे ‘अमुद करैसल’ गावोगावी शिकवले. आपल्याकडे अमरावतीच्या सुभाष पाळेकरांचे जीवामृत घराघरांत ठाऊक आहे आणि पाळेकरांनी आपल्या पद्धतीला आध्यात्मिक शेती असेही म्हटले. देवळातले द्रव्य बागेत आले, बागेतल्या कृतीला अध्यात्माचे नाव मिळाले. म्हणून एक प्रश्न टाळता येत नाही. या द्रावणात पावित्र्य असेल, तर ते नेमके कुठे आहे? गाईत, मंत्रात, त्या अदृश्य जिवाणूंत, की आणखी कशात? माझे मत असे की ते निगेत आहे. म्हणजे कोणत्या वस्तूपासून आरंभ झाला यात नव्हे, तर त्या वस्तूचा आणि तिच्यातल्या जिवांचा सांभाळ कसा होतो यात.

देवळातले पंचगव्य आणि ड्रममधले पंचगव्य यांच्यात नाव सारखे असले तरी एक मोठा फरक आहे. विधीतले पंचगव्य ताजे लागते. प्रत्येक पदार्थ मंत्राने घ्यायचा, दर्भाच्या पाण्यात मिसळायचा आणि लगेच वापरायचा. बागेतले पंचगव्य मात्र आंबल्याशिवाय कामाचेच नाही. आणि आंबलेले, शिळे, नासलेले याबद्दल धर्मशास्त्राची दृष्टी कडक आहे. मनुस्मृतीचा पाचवा अध्याय आंबून बदललेले पदार्थ वर्ज्य ठरवतो. पण लगेच पुढे एक सूट देतो: दही चालते आणि दह्यापासून झालेले सारे चालते. या सवलतीकडे आपण पुरेसे लक्ष दिलेले नाही. रसायनाच्या दृष्टीने दही हे नासलेले दूधच आहे. लॅक्टिक आम्ल तयार करणाऱ्या जिवाणूंनी दुधातली साखर खाल्ली, आम्ल वाढले, प्रथिने गोठली. मग ते शुद्ध का? कारण त्याचे नासणे बेवारशी नाही. कालचे चमचाभर विरजण राखून ठेवलेले असते, दूध तापवून कोमट केलेले असते, भांडे झाकलेले असते, वेळ ठरलेली असते. दुर्लक्षामुळे आंबलेले दूध टाकून द्यायचे आणि लक्ष देऊन आंबवलेले दूध देवाला दाखवायचे, हा भेद पदार्थाचा नसून सांभाळाचा आहे. ज्या घरात सोवळे-ओवळे काटेकोर पाळले जाई, त्या घरातही विरजणाचे भांडे चुलीजवळच्या सन्मानाच्या जागी असे. जिवाणूंचे पालन हा घरगुती धर्माचा भाग त्यांचे नाव ठाऊक होण्याच्या कितीतरी आधीपासून होता.

गाईशिवाय हे शक्यच नाही असे मानणाऱ्यांनी सुरपालाच्या वृक्षायुर्वेदाकडे वळावे. त्या ग्रंथाची पोथी ऑक्सफर्डच्या ग्रंथालयात होती. वनस्पतिरोगशास्त्रज्ञ यशवंत नेने यांच्या आशियाई कृषी इतिहास प्रतिष्ठानाने ती 1996 साली नलिनी साधले यांच्या इंग्रजी अनुवादासह प्रसिद्ध केली. नेने हे पंतनगरला असताना भातावरचा खैरा रोग जस्ताच्या कमतरतेने होतो हे दाखवणारे शास्त्रज्ञ. जुने म्हणून डोळे मिटून स्वीकारणाऱ्यांपैकी ते नव्हते. त्या ग्रंथात झाडांसाठी जे कुणपजल सांगितले आहे, त्यात प्राण्यांचे मांस, चरबी, मज्जा आणि मासे शिजवून, मडक्यात घालून मुरवायचे असतात. हा काही पाखंडी ग्रंथ नव्हे. झाड लावणे हे पुण्यकर्म आहे असे सांगतच तो पुढे जातो. नंतर नेने यांनी शाकाहारी शेतकऱ्यांसाठी पालापाचोळ्याचे कुणपजलही सुचवले. तमिळ शेतकरी आज मासळीबाजारातला टाकाऊ भाग गुळात मुरवून ‘मीन अमिलम्’ करतात, तोही याच कुळातला प्रकार. परंपरेत झाडाचे अन्न एका प्राण्याशी बांधलेले नव्हते. जे समान आहे ते एवढेच: घरात, शेतात किंवा बाजारात जे वाया जाणार होते ते गोळा करणे, सावलीत ठेवणे, हलवत राहणे आणि योग्य वेळी जमिनीला परत देणे.

आता हिशेब. धर्माची चर्चा हिशेबाला घाबरू लागली की ती चर्चा राहत नाही. पाळेकरांच्या कृतीत एका एकरासाठी 200 लिटर पाणी, 10 किलो शेण, 5 ते 10 लिटर गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो डाळीचे पीठ आणि बांधावरची मूठभर माती असते. या सगळ्यात मिळून नत्र पाव किलोच्या आसपास भरेल. एकरी 2 टन भात देणारे पीक तीसेक किलो नत्र उचलते. म्हणजे हे खत नव्हे, हे उघड आहे आणि पाळेकरही ते खत म्हणत नाहीत, विरजण म्हणतात. तर मग विरजण म्हणूनच तपासू. देशी गाईच्या एक ग्रॅम शेणात 300 ते 500 कोटी जिवाणू असतात, हा त्यांचा आकडा जसाच्या तसा मान्य करू आणि ड्रममध्ये ते शंभरपट झाले असेही धरू. एका एकरातल्या वरच्या 15 सेंटीमीटर मातीचे वजन सुमारे 9 लाख किलो होते आणि चांगल्या मातीच्या एका ग्रॅममध्ये शंभर कोटींच्या घरात जिवाणू असतात. या वस्तीपुढे ड्रममधले पाहुणे शेकड्याला एक सुद्धा भरत नाहीत. दुधात चमचाभर विरजण चालते कारण दूध तापवून रिकामे केलेले असते; शेत तसे कधीच रिकामे नसते. तिथे आधीच राहणारे, त्या मातीला, त्या पाण्याला, त्या उन्हाला सरावलेले जिवाणू नवागतांना सहसा टिकू देत नाहीत.

अनुभवाचा पुरावाही याच दिशेने जातो. ओकिनावातले प्राध्यापक तेरुओ हिगा यांनी लॅक्टिक जिवाणू, यीस्ट आणि प्रकाश वापरणारे जिवाणू एकत्र करून ‘ईएम’ नावाचे द्रावण केले आणि मोकिची ओकादा यांच्या धर्मपंथातून आलेल्या निसर्गशेतीच्या चळवळीने ते जगभर नेले. स्वित्झर्लंडमध्ये झुरिकजवळ त्याची चार वर्षांची चाचणी झाली आणि तिचा निष्कर्ष 2010 साली प्रसिद्ध झाला. तिथे एक हुशारी केली होती: काही वाफ्यांना जिवंत द्रावण दिले आणि काहींना तेच द्रावण निर्जंतुक करून दिले. दोन्हींचा परिणाम सारखा आला. जो काही थोडा फरक दिसला तो जिवाणूंचा नव्हता, त्यांच्यासोबत गेलेल्या अन्नाचा होता. आपल्याकडेही 2019 साली राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमीने पाळेकरांच्या झिरो बजेट शेतीला पुरेसा शास्त्रीय आधार नाही असे स्पष्ट सांगितले. भक्तांना हे बोचते. पण या निष्कर्षाने माझ्या मते मूळ गोष्ट पडत नाही, उलट ती नीट जागेवर बसते. जीवामृत वापरणारा शेतकरी केवळ ड्रम ओतत नाही. तो पाला जाळण्याऐवजी आच्छादन करतो, ओल राखतो, विषारी फवारणी थांबवतो, द्विदल पीक मधे घेतो, रोज बांधावर जातो. माती सुधारते ती या सगळ्यामुळे. तिथली मूळ वस्ती खाऊपिऊ लागते आणि आपले काम करते. ड्रम हे त्या लक्ष देण्याचे निमित्त आहे. जिथे वस्ती खरोखरच रिकामी असते तिथे विरजणही लागू पडते: गच्चीवरच्या कुंडीत, जिथे पट्टुकोट्टैच्या नारळांचा धुतलेला काथ्याभुसा मातीच्या जागी भरलेला असतो, किंवा ज्या शेतात एखादे कडधान्य पूर्वी कधी झालेच नाही, तिथे त्या पिकाचे रायझोबियम बियाणाला चोळल्याने मुळांवर गाठी धरतात. भाताच्या पाण्यात सोडलेल्या अझोलाचे तर विशेषच. त्याच्या पानातल्या पोकळीत राहणारे निळे-हिरवे जिवाणू हवेतला नत्र पकडतात आणि पिढ्यान्‌पिढ्या त्या पानातच राहतात. घरामागच्या खड्ड्यात प्लास्टिक अंथरून अझोला वाढवणारी गृहिणी जे करते त्याला भक्कम शास्त्र आहे.

गोभक्तांचा आक्षेप इथे येईल आणि तो हलका नाही. ते म्हणतील, तुम्ही गाईला शेणाच्या अनेक साधनांपैकी एक करून टाकले. मला वाटते, उलट घडते आहे. गाईचा मान तिच्या शेणातल्या जिवाणूंच्या संख्येवर उभा केला, तर उद्या प्रयोगशाळेत म्हशीच्या शेणात तेवढीच संख्या निघाली की तो मान गेला. अप्पर आणि संबंदर यांनी जिवाणू मोजून पदे रचली नव्हती. पावित्र्याला आकड्याचा टेकू देणे म्हणजे ते आकड्याच्या स्वाधीन करणे. कावेरीच्या मुखप्रदेशाची स्वतःची गाय उंबळाचेरी जातीची. ती दूध बेताचे देते, तिचे बैल चिखलणीत तरबेज. ट्रॅक्टर आल्यावर त्या बैलांचे काम गेले आणि जातच आटू लागली. शेणासाठी का होईना, एखाद्या कुटुंबाने अशी गाय दावणीला ठेवली, ती भाकड झाल्यावरही ठेवली, तर तिचा मान राखला गेला. दावणीला गाय नसताना बाजारातून गोमूत्राची बाटली आणून गोसेवा झाली असे मानणे मात्र मला पटत नाही.

याहून खोल आक्षेप अहिंसेचा आहे. शेतीत हिंसा आहे हे आपल्या शास्त्रांना पहिल्यापासून ठाऊक आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात ब्राह्मणाला शेती टाळायला सांगताना कारण हेच दिले आहे: लोखंडी फाळ भूमीला आणि भूमीत राहणाऱ्या जिवांना मारतो. जैन विचार आणखी पुढे गेला. पृथ्वीकायिक, जलकायिक अशा एकेंद्रिय जिवांची, आणि एका शरीरात अगणितपणे नांदणाऱ्या निगोद जिवांची कल्पना त्याने सूक्ष्मदर्शकाच्या शेकडो वर्षे आधी मांडली. मर्यादेपलीकडे ठेवलेले दही, शिळे अन्न यांपासून जैन श्रावक दूर राहतो ते याच जाणिवेने. तंजावरच्या करंदै भागात तमिळ जैनांचे आदीश्वराचे जुने मंदिर आहे. जैन दृष्टीने पाहिले तर ड्रममध्ये गूळ घालून कोट्यवधी जीव वाढवायचे आणि गूळ संपल्यावर ते उपाशी मरू द्यायचे, ही हिंसेची शेतीच ठरेल. पण करंदैच्या मंदिरातला आदीश्वर म्हणजे ऋषभदेव, आणि जैन परंपरेनुसार माणसाला शेती शिकवली ती त्यांनीच. गृहस्थाला पोटासाठी करावी लागणारी आरंभी हिंसा आणि हेतुपुरस्सर केलेली संकल्पी हिंसा यांत जैन आचार्यांनी फरक केला. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायातही तोच विवेक आहे: चूल, जाते, केरसुणी, उखळ आणि पाण्याची घागर ही गृहस्थाच्या घरातली पाच वधस्थाने मोजली आहेत आणि त्यांच्या भरपाईसाठी पाच महायज्ञ सांगितले आहेत, त्यांतला एक भूतयज्ञ, म्हणजे इतर जिवांना अन्न ठेवणे. निर्दोष घराचे आश्वासन यांतल्या कोणीच दिलेले नाही. दिले आहे ते कर्तव्य. आश्विन-कार्तिकात, तमिळ ऐप्पसीच्या पौर्णिमेला, बृहदीश्वराच्या लिंगावर शिजवलेल्या भाताचा अभिषेक होतो आणि त्यातला काही भात जलचरांसाठी पाण्यात सोडण्याची रीत आहे. दारात तांदळाच्या पिठाचे कोलम् काढले की मुंग्यांची सोय होते. जमिनीतल्या न दिसणाऱ्या वस्तीला पालापाचोळा आणि शेण देणे याच रांगेत बसते.

मराठी वाचकाला याची सर्वांत सुंदर मांडणी घरातच मिळेल. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात, शके 1212 मध्ये, ज्ञानदेव अहिंसेचे विवेचन करतात. जीव वाचवण्यासाठी जीव घेणाऱ्या यज्ञाची ते खबर घेतात, आणि औषधासाठी झाडे उपटणाऱ्या, सोलणाऱ्या आयुर्वेदालाही सोडत नाहीत. मग खरा अहिंसक कसा, हे सांगताना ते त्याला एका जागी बसवून ठेवत नाहीत, चालवतात. कणाकणात चिमुकले जीव गुंतलेले आहेत हे जाणून तो पाऊल करुणेत लपवून टाकतो. पाऊल टाकणे थांबवायचे नाही. पाऊल पडते कसे त्यात अहिंसा आहे. शेतकऱ्याच्या, बागवानाच्या प्रश्नाला याहून नेमके उत्तर मला माहीत नाही. एकेका जिवाणूचा हिशेब ठेवू गेलो तर श्वास घेणेही पाप होईल, आणि अशी नीती माणसाला हतबल करते, दयाळू करत नाही. आपले कर्तव्य त्या वस्तीशी आहे, तिच्या घराशी आहे. ‘उपकारक’ जिवाणू हा शब्दही जपून वापरायला हवा. ट्रायकोडर्माची बुरशी आपली मित्र, कारण ती मुळे कुजवणाऱ्या दुसऱ्या बुरशीला वेटोळे घालून खाते. पाण्याखालच्या भातजमिनीत प्राणवायू संपला की मिथेन सोडणारे सूक्ष्मजीव वाढतात; त्यांना दुष्ट म्हणण्यात अर्थ नाही, पाणी आपणच कोंडलेले असते. मित्र आणि शत्रू ही नावे आपल्या गरजेतून पडतात. सृष्टीने ती दिलेली नाहीत, एवढे भान ठेवले तरी ‘मी जमीन जिवंत केली’ हा कर्तेपणाचा अभिमान बराच उतरतो.

शेवटचा आक्षेप बुद्धिवाद्यांचा: जे काम सूक्ष्मजीवशास्त्र करते तिथे धर्म कशाला हवा? सूक्ष्मजीवशास्त्र किती आहेत, काय खातात, काय सोडतात हे सांगते, आणि ते तेवढेच सांगणार. त्यांच्याशी कसे वागावे हे त्याच्या कक्षेत येत नाही. ती जबाबदारी कोणी तरी घ्यायला हवी आणि ज्या समाजात विरजण राखणे, पहिला घास काढून ठेवणे, तुळशीला पाणी घालणे या सवयी अजून जिवंत आहेत तिथे ती जबाबदारी परक्या भाषेत शिकवण्याची गरज नाही. मात्र निगेचा धर्म स्वीकारला तर त्याच्या अटीही स्वीकाराव्या लागतील. कच्च्या शेणात माणसाला आजारी पाडणारे जिवाणू असू शकतात. म्हणून जीवामृत किंवा पंचगव्य कोथिंबिरीवर, सॅलडच्या पानांवर फवारू नये. ते मातीत घालावे आणि काढणीच्या बरेच आधी थांबवावे. जी भाजी शेजाऱ्याच्या ताटात जाते तिची शुद्धता हाही पावित्र्याचाच भाग आहे. ज्याला शेण नको असेल त्याने तांदळाचे धुवण झाकून ठेवावे, दोन-तीन दिवसांत आंबट वास आला की दहापट दुधात मिसळावे, वर घट्ट थर धरला की खालचे पिवळसर पाणी गाळून घ्यावे. लॅक्टिक जिवाणूंचे विरजण तयार होते. ते भरपूर पाण्यात मिसळून कंपोस्टवर शिंपडायला चांगले. आणि दुसरी अट सत्याची. जे आपल्याला पवित्र वाटते त्याची परीक्षा घ्यायला आपण कचरतो, पण परीक्षेवाचून ठेवलेली श्रद्धा ही दुर्लक्षाचाच एक प्रकार आहे. म्हणून गच्चीवर दहा कुंड्या असतील तर दोन वेगळ्या ठेवा. त्यांना माती, पाणी, पाला, ऊन सगळे तेवढेच द्या, फक्त द्रावण देऊ नका. हंगाम संपल्यावर दोन्हींची वांगी तोला आणि जे निघेल ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना खरे सांगा, आपल्या ड्रमच्या बाजूने असो वा विरुद्ध.